चाळीस कंपन्यांना एकच पत्र पाठवू नकोस

तू लिहिलंयस: निपाणीचा, व्हीटीयूचा (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) बीई मेकॅनिकल, बेळगावच्या उद्यमबागेत ४ वर्षं सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर, जर्मन भाषेची बी१ ही मधली पातळी पास. जर्मनीत ४० अर्ज केलेस, एकाही ठिकाणाहून बोलावणं नाही. सोबत अर्जाचं पत्र जोडून विचारलंयस, ‘दादा, यात काय चुकतंय?’

पत्र दोनदा वाचलं, पण त्यात तू कुठं सापडला नाहीस. आपल्याला शाळेत अर्ज शिकवतात तो मुख्याध्यापकांना रजेसाठी लिहायचा. मराठीत तोच, कन्नडच्या पेपरातही तोच, खाली ‘आपला आज्ञाधारक’. पुढं नोकरीसाठी आपण तोच इंग्रजीत नेतो: ‘रिस्पेक्टेड सर’पासून ‘काइंडली डू द नीडफुल’पर्यंत. खानापूरहून निघायच्या आधी मीही असंच लिहायचो आणि ५ महिने नुसते नकार आले. इथं जर्मनीत पत्र वाचणाऱ्याला विनंती नको असते. आमच्या जागेवरचं काम यानं आधी केलंय का, एवढंच तो शोधत असतो.

म्हणून आधी जाहिरात घे आणि त्यातल्या कामांखाली पेन्सिलीनं रेघ मार. मग एकेका कामासमोर तुझ्या शॉपमधला खरा प्रसंग लिही. तू ‘मेहनती व प्रामाणिक’ लिहिलंयस, ते सगळेच लिहितात. पण मेलमध्ये सहज सांगून गेलास की पंपाच्या बॉडीचं फिक्स्चर, म्हणजे ती मशीनवर धरून ठेवणारी पकड, बदलून सेटअपचा वेळ ९० मिनिटांवरून ५० वर आणलास. अरे, हेच पत्रात पाहिजे, आणि तेही पहिल्या तीन ओळींत! कुठलं मशीन, कुठला कंट्रोलर, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, प्रोग्राम तू स्वतः लिहायचास की फक्त चालवायचास, तेही सांग. उद्यमबाग म्हणजे काय हे इथं कुणाला ठाऊक नाही, तेव्हा एका वाक्यात कळव: फाउंड्री आणि मशीन शॉपची वसाहत, तुमच्या शॉपमध्ये इतकी माणसं, माल अमुक उद्योगाला जातो.

‘हिअरमिट बेवेर्बे इख मिख’, म्हणजे ‘याद्वारे मी अर्ज करतो’, ही सुरुवात टाळ. जर्मन माणसंही तिला कंटाळलीत. पत्र एकाच पानाचं हवं. वर तारीख, विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि जाहिरातीचा क्रमांक. मायन्यानंतर स्वल्पविराम येतो आणि पुढची ओळ लहान अक्षरानं सुरू होते. मायन्यात ‘दामेन उंड हेरेन’, म्हणजे नुसतं ‘महोदया आणि महोदय’, लिहून मोकळा होऊ नकोस. बऱ्याच जाहिरातींत संपर्काच्या माणसाचं नाव आणि फोन असतो. फोन कर, एखादा खरा प्रश्न विचार, आणि पत्रात त्या बोलण्याचा उल्लेख कर. उन्हाळ्यात इथले सकाळचे १० म्हणजे तुझ्याकडं दुपारचे दीड.

वडिलांचं नाव, जात, धर्म, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही नको. भेदभावाविरुद्धचा २००६ चा कायदा आहे, त्यामुळं फोटोचीही सक्ती नाही. पगाराची अपेक्षा विचारली असेल तरच लिही, आणि ती वर्षाची, कर कापायच्या आधीची, युरोत. इथल्या पगारांचा अंदाज घेऊन आकडा ठरव, तुझ्या सध्याच्या रुपयांतल्या वार्षिक पगाराला (सीटीसीला) युरोच्या दरानं भागून काढू नकोस. नोटीस पिरियड किती आणि व्हिसाचं कुठवर आलंय हे मात्र शेवटी स्पष्ट लिही. परदेशी उमेदवाराबद्दल त्यांना पहिली शंका तीच येते.

भाषेबद्दल. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी या चारही बायोडेटात अभिमानानं लिही. आपल्या सीमाभागातल्या पोराला हे घरबसल्या मिळतं, पण बाहेर त्याचं मोल आहे. जर्मन बी१ असेल तर बी१च लिही. पत्र स्वतःच्या जर्मनमध्ये लिही आणि मग क्लासच्या बाईंकडून चुका काढून घे. दुसऱ्यानं लिहून दिलेलं झकास पत्र मुलाखतीत दोन मिनिटांत उघडं पडतं. जाहिरात इंग्रजीत असेल तर पत्रही इंग्रजीतच चालतं.

आणखी एक. तुझ्या जुन्या दाखल्यांवर ‘बेळगाम’ आहे आणि पासपोर्टवर ‘बेळगावी’. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं, हे इथल्या माणसाला कसं कळणार? बायोडेटात दोन्ही नावं शेजारी शेजारी लिही. अनाबिन ही परदेशी विद्यापीठं आणि पदव्यांच्या मान्यतेची जर्मन ऑनलाइन यादी आहे, तिच्यात विद्यापीठ आणि पदवी दोन्ही शोधून त्या पानांची पीडीएफ अर्जाला जोड.

आता नवे अर्ज थांबव. एकच जाहिरात निवड, तिच्यासाठी पत्र लिही आणि जाहिरातीसकट मला रविवारपर्यंत पाठव. फिक्स्चरची गोष्ट वर घे.