पांगासिनान ही टागालॉगचीच, म्हणजे फिलिपिन्सच्या मुख्य भाषेचीच, बोली आहे का? फिलिपिन्समधले हे लोक नेमके कोण?

‘टागालॉगची बोली’ हे शब्द मी एकदाच तोंडातून काढले, जहाजाच्या मेसमध्ये. आमच्या कुकने पुढचे दोन दिवस मला माशाचं फक्त शेपूट वाढलं.

तो दागुपानचा. लुझोन बेटावर लिंगायेनच्या आखाताकाठी पांगासिनान प्रांत आहे, तिथला. मी फिटर, शिरोड्याचा. तिसऱ्या दिवशी तो मिठाची बरणी घेऊनच समोर बसला. तिच्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘आसिन.’ मग आधी ‘पांग’ लावलं, शेवटी ‘आन’. जिथे मीठ पिकतं ती जागा. अहो, म्हणजे आमचं मिठागर! १९३० साली शिरोड्याच्या ज्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, त्यांच्याच कडेने मी शाळेत जायचो.

मग बोटं मोजायला लागला. टागालॉगमध्ये इसा, दालावा, तात्लो. आमच्यात साकेय, दुआरा, तालोरा. ‘आता सांग, बोली?’ (मीठ मात्र टागालॉगमध्येही आसिनच. हे त्याने शिताफीने गाळलं, मला नंतर बोसनकडून, म्हणजे डेकवरच्या मुकादमाकडून, कळलं.) पांगासिनानची खरी सख्खी बहीण म्हणजे बागिओकडच्या डोंगरातली इबालोई भाषा. पण प्रांताच्या पूर्वेला आणि पश्चिमेला कित्येक घरांत इलोकानो ही तिसरीच भाषा चालते. बाहेरचे पांगासिनान लोकांना ‘पांगालातोक’ म्हणतात. पुष्कळांना ते शिवीसारखं लागतं, तुम्ही म्हणू नका.

घरी फोन लावला की तो आईशी पांगासिनान बोलायचा, आणि मुलगी त्याला टागालॉगमध्ये उत्तर द्यायची. फोन ठेवल्यावर दहा मिनिटं कांदाच चिरत बसायचा. २०१२ पासून तिथल्या शाळांत पहिल्या इयत्तांना मातृभाषेतून शिकवायला लागले होते, त्यात पांगासिनानही होती. २०२४ च्या कायद्याने ती सक्ती काढून टाकली.

माझा पुण्याचा मेहुणा अजून सांगतो, ‘पोरीशी मालवणी बोलू नकोस, तिची मराठी बिघडेल.’ कसली बिघडते! पोरगी शाळेत मराठीत निबंध लिहिते आणि घरी ‘माका शेपटी नको’ म्हणून ताट सरकवते. तुमच्याही घरात अशी भाषा असेल तर बोला, मेहुण्यांना विचारत बसू नका.

आता, मालवणी मराठीच्या जितकी जवळ आहे तितकी पांगासिनान टागालॉगच्या जवळ नाही, तेव्हा माझी तुलना थोडी लंगडी आहे. भाषांचा अभ्यासकही मी नव्हे, पाइप जोडणारा माणूस. तरी हे उत्तर मेहुण्याला पाठवतोय.