लेकीला कासवं वाचवायचीत, मग नीटचं काय?

या वेळचं पत्र हर्णैजवळच्या एका गावातून आलंय, एका आईचं. घरचा ट्रॉलर आहे, मिस्टर स्वतः समुद्रावर जातात, मुलगी दापोलीला अकरावी सायन्सला. गेल्या पावसात गावच्या वाळूत एक कासव लागलं, पुढचा एक पाय जाळ्यात गुरफटून कापत आलेला, तर या मुलीने घरातली नवी कोरी चादर ओली करून त्याच्यावर टाकली आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत तीन तास छत्री धरून बसली. तेव्हापासून डोक्यात एकच, कासवं-डॉल्फिन वाचवणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक व्हायचंय. आई विचारतायत, फुकट राबून करिअर होतं का, नीटचा अभ्यास बुडेल त्याचं काय, आणि इन्स्टावर बघितलेल्या पंधरा दिवसांच्या कुठल्याशा मरीन रेस्क्यू इंटर्नशिपचे 22 हजार भरायचे का. वडिलांचं वेगळंच, ते म्हणतात ज्या घरातनं जाळी जातात त्याच घरातली पोर कासववाल्यांकडे गेली तर बंदरावर तोंड कसं दाखवू.

ताई, पैशाचं आधी सांगते कारण ते सोपं आहे. भरू नका. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका मुलाने अशीच फी भरली होती, कुणाकडे ते नाव घेत नाही, तर दोन दिवस पीपीटी, एक दिवस बीच क्लीनिंग, एक दिवस होडीतून डॉल्फिन बघणं आणि शेवटी टी-शर्ट घालून ग्रुप फोटो. जखमी प्राणी एकसुद्धा बघितला नाही त्याने. आणि दिसला असता तरी हात लावता आला नसता, कारण समुद्री कासवं, डॉल्फिन, देवमासे हे सगळे 1972 च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, वनखात्याला विचारल्याशिवाय कुणी येऊन हाताळायचे नाहीत. नीटला आणि सीईटीला सर्टिफिकेटचा अर्धा मार्कही मिळत नाही. तुमच्या घरापासून अंजर्ले किती लांब आहे सांगा बघू? तिथे कासवांची घरटी राखणारी माणसं आहेत, वर वेळासला तर 2002 पासून हे काम चाललंय, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने सुरू केलेलं. लोक मुंबई-पुण्याहून गाड्या करून पिल्लं बघायला येतात आणि तुम्ही दारातलं सोडून 22 हजार द्यायला निघालात.

आता फुकट राबण्याचं. इथे मला थोडं लांबण लावावं लागेल.

दोनेक वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी एका कासव उपचार केंद्रात गेले होते, एका विद्यार्थिनीला सोबत म्हणून. मला वाटलेलं काहीतरी हॉस्पिटलसारखं असेल. तर पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या मोठ्या टाक्या, आणि वास, बांगडा कापून दोन तास झाले की येतो तो. एका टाकीत ऑलिव्ह रिडले जातीचं कासव तरंगत होतं पण तिरकं, एक बाजू पाण्याच्या वर. मी विचारलं असं का, तर तिथली मुलगी म्हणाली आत हवा धरलीय, बुडी मारता येत नाही, आणि बुडी मारता येत नाही म्हणजे खाणं शोधता येत नाही, आणि अशातच किनाऱ्याला लागतं. लोक अशा कासवाला उचलून परत पाण्यात ढकलतात, पुण्य केलं म्हणून घरी जातात, आणि ते दोन दिवसांनी पुढच्या गावात मेलेलं सापडतं. (तुमच्या लेकीने ते ढकललं नाही, फोन केला. तिथेच माझं मत निम्मं झालं.) ती मुलगी सकाळी टाक्या रिकाम्या करत होती, घासत होती, खारं पाणी भरत होती, कासवाच्या पाठीवर कालवासारखे चिकटलेले बार्नॅकल डॉक्टर सांगतील तेवढेच काढत होती, आणि मग वहीत लिहीत होती: दोन बांगडे खाल्ले, तिसरा तोंडातून टाकला, शी नाही. दिवसभरात प्राण्याला हात लावायची वेळ जेमतेम दहा मिनिटं, बाकी सगळं झाडलोट आणि लिखापढी.

आणि मरण. हे तुम्ही तिला आधीच सांगा, नंतर कळण्यापेक्षा. 2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत लागलेलं आठवत असेल, दिवसरात्र माणसं खपली, ओली कापडं टाकली, पट्टे लावून ओढलं, खोल पाण्यात नेऊन सोडलं, टीव्हीवर टाळ्या झाल्या, आणि ते परत किनाऱ्याला आलं आणि गेलं. डॉल्फिन तर बऱ्याचदा मेलेलाच सापडतो, मग स्वयंसेवकाचं काम काय, तर गर्दी मागे सारणं, टेपने लांबी मोजणं, फोटो काढणं, नर का मादी बघणं, पोस्टमॉर्टेमला डॉक्टर येईपर्यंत कुत्र्यांना हाकलणं. ज्या पोरीला हे झेपतं तिला पुढचं बरंच झेपतं. नाही झेपलं तरी काही बिघडत नाही, सतराव्या वर्षी कळलेलं बरं, डिग्रीच्या तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा. मी स्वयंसेवा करायला सांगते ती एवढ्यासाठीच. बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून कधीच नाही.

वहीला मात्र हलकं समजू नका. 2021 मध्ये ओडिशात एका मादीच्या पायाला टॅग लावलेला, नंबर 03233. तीच मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातलं कासव अरबी समुद्रात येऊन अंडी घालतं हे कळलं कशावरून? इकडे कुणीतरी टॅग बघून आकडे नीट वाचले म्हणून, आणि तिकडे कुणीतरी चार वर्षांपूर्वी ते नीट लिहून ठेवले होते म्हणून. फोटोसोबत तारीख, वेळ, जागा लिहायची सवय तिला आत्तापासून लागली तर ती कुठल्याही शाखेत गेली तरी कामाला येईल.

अभ्यासाचं गणित तसं कठीण नाहीये. इथे अंडी घालायचा सीझन साधारण नोव्हेंबर ते मार्च, अंड्यातून पिल्लं यायला 45 ते 60 दिवस, म्हणजे पिल्लं जास्त करून फेब्रुवारी ते मे. जखमी कासवं लागतात ती जास्त करून पावसाळ्यात, समुद्र खवळल्यावर. मग या वर्षी अकरावीत दर रविवारी पहाटे कासवमित्रासोबत, म्हणजे घरटी राखणाऱ्या माणसासोबत, एक फेरी, परीक्षा संपली की एप्रिल-मेचे चार-पाच आठवडे सलग. बारावीच्या जूनपासून बंद म्हणजे बंद, कासव लागलं तर वनखात्याच्या 1926 वर फोन करायचा आणि परत पुस्तक. ती अठराच्या आतली आहे, तेव्हा तुमची लेखी परवानगी लागेल, द्या, आणि पहाटेच्या फेरीला घरचं किंवा ओळखीचं मोठं माणूस सोबत असू द्या.

नीट द्यायची ती कशासाठी हे आधी घरात बसून ठरवा. तिला व्हेटर्नरी हवं असेल तर त्यालाही नीटच लागते, बीव्हीएससी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मुंबईत परळला आहे, शिरवळला आहे. पण तिथे पाच वर्षं गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा. कासव अभ्यासक्रमात कुठेतरी कोपऱ्यात. नुसत्या समुद्री प्राण्यांच्या डॉक्टरच्या कायम नोकऱ्या आपल्याकडे बोटावर मोजण्याइतक्या, त्यामुळे बहुतेक जण एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होतात किंवा स्वतःचा दवाखाना टाकतात आणि रेस्क्यूला बोलावलं की जातात. वाईट नाहीये ते, उलट पोट भरून मनासारखं करता येतं. पण तिला एकदा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन दिवस बसवा, अडलेल्या गायीचं बाळंतपण बघू दे, मग विचारा.

तिला नुसता प्राण्यांचा अभ्यास आवडत असेल, उपचार नाही, तर बीएससी झूलॉजी रत्नागिरीतच होतं, पुढे एमएससीला गोवा, कोची, किंवा डेहराडूनची वन्यजीव संस्था. यात वेळ जास्त, पगार उशिरा, प्रोजेक्टवर प्रोजेक्ट. घरची परिस्थिती बघून ठरवा, मी इथे गोड बोलणार नाही.

आणि एक रस्ता असा आहे जो तुम्ही पत्रात लिहिलाच नाहीत, मला मात्र पहिला तोच सुचला. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, चार वर्षांचं बीएफएससी, प्रवेश सीईटीवर. त्यात मासेमारी तंत्रज्ञान म्हणून विषय आहे, जाळ्याची आस, म्हणजे भोकाचा आकार, कशी, कुठल्या आशीतून काय सुटतं, काय अडकतं. तुम्हाला माहीत असेल नसेल, 2019 पासून अमेरिका आपली समुद्रातली पकडलेली कोळंबी घेत नाही, कारण आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यांना टेड नाही. टेड म्हणजे जाळ्यात बसवायची एक जाळीदार चौकट, कोळंबी मागे जाते आणि कासव आपटून वरच्या किंवा खालच्या तोंडाने बाहेर पडतं. मच्छीमार म्हणतात त्यातून आमची मच्छी पण जाते, संशोधक म्हणतात अगदी थोडी जाते, आणि दोघांच्यामध्ये उभं राहून दोघांची भाषा बोलणारं माणूस सापडत नाही. कासवावर बोलणारी शहरातली मुलं खूप भेटतात मला. तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याशी, भांडता येणारी एकही नाही भेटली. ही डिग्री घेतलेल्यांना मत्स्यव्यवसाय खातं आहे, निर्यातीच्या कंपन्या आहेत, बँकांची कृषी अधिकारी परीक्षासुद्धा देता येते, म्हणजे कासवांचं काम नाही जमलं तरी पोरगी रिकामी राहत नाही.

आता नाखवांसाठी दोन शब्द, पत्र त्यांना वाचून दाखवा. दादा, तुम्हाला वाटतंय लेक पलीकडच्या पार्टीत गेली. पण पलीकडच्या पार्टीला सगळ्यात जास्त गरज तुमचीच आहे हो. किनाऱ्यावर टाकी घासून वर्षाला मोजकी कासवं वाचतात, जाळ्यात आलेलं जिवंत कासव समुद्रातच जाळं कापून सोडलं तर त्याला टाकी बघावीच लागत नाही. 2018 च्या शेवटापासून सरकारची योजना आहे, संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर 25 हजारांपर्यंत भरपाई, सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. व्हिडिओ खलाशाने मोबाईलवर काढायचा, अर्ज कोण भरणार? तुमची लेक भरेल. तुमचा झाला की शेजारच्या होडीचा भरेल. मग बघा बंदरावर कोण तोंड फिरवतं.

ताई, मे महिन्याची वाट न बघता करता येईल असं एक आहे. संध्याकाळी हर्णैला लिलाव असतो तेव्हा तिला महिनाभर आठवड्यातून एकदा वडिलांसोबत पाठवा, वही घेऊन. कुठल्या होडीच्या जाळ्यात काय आलं, कासव आलं का, सोडलं का, कुणी हसलं, कुणी चिडलं, सगळं लिहू दे. महिन्याने मला ती वही पाठवा, मार्कशीट नंतर बघू.

बाकी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा, कासव चावतं आणि चांगलंच चावतं. पुढच्या वेळी कापड टाकताना नाकपुड्या उघड्या ठेवायच्या, तोंडात पाणी ओतायचं नाही, पाय धरून ओढायचं नाही, हे तिला बहुतेक माहीत असेलच. आणि त्या चादरीचं काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. एक जुनं सुती लुगडं दाराशी काढून ठेवा, नव्या चादरी वाचतील.