पगार वाढवला तर परिचारिका परदेशी जाणे थांबवतील का?

भारतातील खासगी रुग्णालयांनी पगार वाढवले तर परिचारिका परदेशी जाण्याचा विचार सोडून देतील का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात दशकभराहून अधिक काळ काम करत असून ब्रिटनसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी सध्या रात्रपाळ्या सांभाळून करत आहे. माझ्या मते काही जणी थांबतील; परंतु अनुभवी परिचारिकांना केवळ पगारवाढ थांबवू शकणार नाही, कारण त्यांना नकोशी झालेली गोष्ट पगारापेक्षा मोठी आहे.

अर्थात पगाराचा प्रश्न खरा आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने स्पष्ट शिफारशी केल्या होत्या : दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार असावा, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही तो वीस हजारांखाली नसावा. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली. माझ्याबरोबर शिकलेल्या कितीतरी जणींच्या हाती मात्र समितीने शिफारस केलेला पगार आजही आलेला नाही, आणि त्यातील बहुतेकींचे शिक्षण कर्ज काढून झालेले आहे.

तरीही मला सर्वाधिक अस्वस्थ करते ती वॉर्डातील माणसांची कमतरता. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे, तर अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असायला हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला वीस-बावीस रुग्णांमागे आम्ही दोघी असतो, त्यातली एक नुकतीच जीएनएम (परिचर्येची पदविका) पूर्ण करून आलेली, आणि सकाळी रिलीव्हर आली नाही तर डबल ड्युटी ठरलेली. अशा पाळीत इंजेक्शने वेळेवर जातात, सलाइन बदलले जाते, डॉक्टरांचा राउंड पार पडतो. राहून जाते ते कोणाच्या चटकन लक्षात न येणारे काम. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे असते, ते चार तासांनी होते, आणि आठवड्याभराने त्यांच्या कंबरेखाली जखम दिसू लागते. डिस्चार्ज मिळालेल्या मधुमेही बाईंना इन्सुलिन कसे घ्यायचे हे नीट बसून समजावायचे असते, तेव्हा पुढचा रुग्ण त्याच खाटेसाठी बाहेर थांबलेला असतो. योग्य शुश्रूषा कशी करायची हे शिकलेल्या माणसाला ती रोज अर्धवट सोडून घरी जावे लागणे हा या व्यवसायातील सर्वांत मोठा मनस्ताप आहे, असे मी जबाबदारीने म्हणते.

नातेवाइकांचा रागही बहुधा आमच्यावरच निघतो, कारण खाटेजवळ आम्हीच असतो. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, परंतु तक्रार करायला रुग्णालय सोबत येईल याची खात्री नसते.

दुसरे कारण अनुभवाचे. माझ्या आणि नव्याने रुजू झालेल्या मुलीच्या पगारात फारसे अंतर नाही, आणि वॉर्ड इनचार्ज झाल्यावर पुढची पायरी कोणती, हे कोणी सांगू शकत नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत वेतनश्रेण्या जाहीर असतात. तिथे गेलेल्या मैत्रिणी सांगतात की, तेथील प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणी झाल्यावर परिचारिकेला पाचव्या श्रेणीत घेतात आणि इथला अनुभव बहुतेकदा धरला जात नाही, म्हणजे पंधरा वर्षे काम केलेली बाईही तळापासून सुरुवात करते. हा अन्याय आहे आणि जाणाऱ्या प्रत्येकीने तो आधीच जाणून घ्यावा. तरीही सहाव्या श्रेणीसाठी काय करावे लागते हे तिथे लेखी स्वरूपात वाचायला मिळते, आणि इथे नेमके तेच मिळत नाही.

तरुण मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. पहिल्या नोकरीत बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, लिहून घेऊन मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली जातात. माझीही ठेवली होती. ज्या मुलीच्या नोकरीची सुरुवात अशी होते, ती बाँड संपण्याआधीच जर्मन भाषेच्या वर्गात नाव घालते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यामुळे तो मार्ग आता घरच्यांनाही विश्वासार्ह वाटतो. उलट इथल्या सरकारी नोकरीचा भरवसा कमी होत चालला आहे. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी संप केला तो बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीच्या विरोधातच.

जाणे सोपे नाही. माझा मुलगा शाळेत आहे, सासूबाईंचे गुडघे थकले आहेत, आणि पहिले काही महिने तरी मला एकटीलाच राहावे लागेल. उद्या माझ्या रुग्णालयाने रात्रपाळीला चार परिचारिका दिल्या, अनुभवाप्रमाणे वेतनश्रेणी लेखी ठरवली आणि मारहाण झाल्यास स्वतः फिर्याद देण्याची तयारी दाखवली, तर पगार ब्रिटनच्या निम्माही नसला तरी मी परीक्षेचा अर्ज भरणार नाही. नुसते पाच हजार वाढवून पाळीला दोघीच ठेवल्या, तर ते पाच हजार मी परीक्षेच्या शुल्कासाठी वापरेन.