पायांखाली फ्लोअरबोर्ड की फूटरेस्ट?

प्रश्न : माझ्याकडे क्रूझर मोटारसायकल आहे. महिन्यातून दोनदा साताऱ्याहून कोल्हापूरला जातो आणि पावसाळ्यानंतर यवतेश्वर घाटातून कासला. लांबच्या प्रवासात गुडघे आखडतात. फूटरेस्ट काढून फ्लोअरबोर्ड बसवावेत का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या गुडघेदुखीचे मूळ बहुधा तासन्‌तास एकाच कोनात राहणाऱ्या पायांत आहे. फ्लोअरबोर्डवर, म्हणजे फूटरेस्टच्या आखूड दांड्याऐवजी बसवलेल्या रुंद पाटीवर, पाऊल पुढे-मागे सरकवता येते आणि त्यावरील जाड रबरामुळे इंजिनाची थरथर तळव्यापर्यंत कमी पोहोचते, म्हणून सरळ महामार्गावर ते निश्चितच सुखाचे ठरतात.

घाटाची गोष्ट मात्र वेगळी आहे. बोर्ड रुंद असल्याने वळणावर गाडी कलली की त्याची कड लवकर रस्त्याला घासते. बिजागरीवरचा बोर्ड थोडा वर दुमडतो, पण कलण्याची मर्यादा तेथेच जवळ आलेली असते. शिवाय फूटरेस्टवर पाऊल टेकवून नुसता चवडा दाबला की ब्रेक लागतो, तर अनेक फ्लोअरबोर्डांवर ब्रेकसाठी पाऊल उचलून पेडलवर न्यावे लागते, आणि उतारावर हा क्षणभराचा विलंब मला फार काळजीचा वाटतो. खड्ड्यांवर किंचित उभे राहून तोल सावरणेही फूटरेस्टवरच सोपे जाते.

म्हणून फूटरेस्ट ठेवावेत आणि क्रॅशगार्डवर (इंजिनापुढील संरक्षक दांडीवर) दुमडणारे हायवे पेग, म्हणजे पाय पुढे टेकवायचे दांडे, बसवून मोकळ्या रस्त्यावर पाय लांबवावेत, असे मी सुचवेन. गर्दीत मात्र तेथून पाय लगेच मागे घ्यावेत, कारण ब्रेक आणि गिअर तेथून दूर असतात.