पायथनचा कालपर्यंत चालणारा प्रोग्राम आज "रँडइंट सापडत नाही" म्हणतो, रिइन्स्टॉल करूनही तेच. काय झालं असेल?

तुमच्या प्रश्नातली एक ओळ महत्त्वाची आहे. काल फासे टाकायचा गेम लिहिला आणि फाइल "रँडम डॉट पीवाय" नावाने सेव्ह केली, असं तुम्ही म्हणताय. गेम तर चालला नाहीच, पण त्याच फोल्डरमधला मार्कशीटचा प्रोग्राम, ज्याला तुम्ही हातही लावला नव्हता, तोही तेव्हापासून बंद. पायथनमध्ये काहीही बिघडलेलं नाही, परत रिइन्स्टॉल करू नका. फाइलचं नाव बदला, फासे, लुडो, काहीही चालेल.

आता असं का होतं ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की पुढे खूप वेळ वाचतो. रँडम हे पायथनसोबत येणारं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडची फाइल, आणि रँडइंट हे त्यातलं फंक्शन. इम्पोर्ट रँडम लिहिलं की पायथन ठरलेल्या जागांवर क्रमाने शोधत जातो आणि त्या यादीत पहिला नंबर तुम्ही चालवलेली स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा असतो, पायथनसोबत आलेली लायब्ररी त्याच्यानंतर. पहिल्याच जागी त्या नावाची फाइल सापडली की शोध तिथेच संपतो. म्हणजे तुमच्या गेमने खरं रँडम मागितलं आणि त्याला तो स्वतःच मिळाला, तोही अर्धवट लोड झालेला. म्हणून एररमध्ये "पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल" असं येतं आणि पुढे कंसात सर्क्युलर इम्पोर्टचा, म्हणजे दोन फाइली एकमेकींना मागवत असल्याचा अंदाज. तो कंस वाचून भलतीकडेच शोधत बसलेली खूप मुलं मी बघितली आहेत. पायथन 3.13 पासून हा मेसेज बराच सुधारलाय, तुमच्या फाइलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलचंच आहे, ते बदलून बघा असं तो सरळ सांगतो, त्यामुळे जमत असेल तर नवीन व्हर्जन घ्याच.

मार्कशीटमध्ये तर रँडम कुठेच नाही, मग ते का पडलं? तुम्ही टाकलेल्या कोडमध्ये वरच टेम्पफाइल हे तात्पुरत्या फाइली बनवणारं मॉड्यूल इम्पोर्ट केलंय, आणि टेम्पफाइल आतून स्वतः रँडम मागवतं. त्यालाही तुमचा गेमच मिळाला. मार्कशीट चालवून ट्रेसबॅक, म्हणजे एररसोबत येणारी फाइली आणि ओळींची यादी, अगदी खालपर्यंत वाचा, शेवटी तुमच्याच फोल्डरमधल्या गेमच्या फाइलचा पाथ दिसेल. पाथ दिसेपर्यंत वाचायची सवय लावून घ्या, एररचं वाक्य चुकीच्या दिशेला नेऊ शकतं पण पाथ बरोबर असतो.

पायथन इम्पोर्ट केलेल्या फाइलची तयार प्रत, पीवायसी, पायकॅश नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. बरेच जण तुम्हाला ते फोल्डरही डिलीट करा म्हणून सांगतील. पायथन 2 मध्ये ते खरं होतं, मूळ फाइल काढली तरी शेजारी पडलेली पीवायसी फाइल इम्पोर्ट होत राहायची. पायथन 3.2 पासून पायकॅशमधली पीवायसी तिची मूळ फाइल नसेल तर वापरलीच जात नाही. डिलीट केल्याने नुकसान नाही, पण गरजही नाही.

याच्या उलटही होतं. फाइलला टाइम किंवा सिस नाव दिलं तर एररही येत नाही, कारण ही मॉड्यूल्स पायथनच्या आतच बांधलेली असतात आणि ती फोल्डरच्या आधी बघितली जातात. मग तुम्ही इम्पोर्ट टाइम करता आणि तुमच्या फाइलमधलं फंक्शन सापडतच नाही.

नावामुळे मी स्वतः सगळ्यात जास्त अडकलो ते मात्र मराठी नावामुळे. एका ठिकाणी अनुदानाच्या याद्या एकत्र करायचं काम होतं, वेगवेगळ्या लोकांकडून फाइली यायच्या आणि माझी स्क्रिप्ट नावावरून फाइल उचलायची. नवीन यादी आली की तिने त्याच नावाच्या जुन्या यादीची जागा घ्यायची, असं गृहीत धरलेलं. एकदा दोन दिवस आउटपुटमध्ये जुनेच आकडे येत राहिले आणि नवीन यादीतले लोक आमचं नाव कुठंय म्हणून विचारायला आले. फोल्डर उघडला तर एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी. एका फोल्डरमध्ये हे शक्यच नसतं ना, मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. मग दोन्ही नावांमधल्या "शेतकऱ्यांची" या शब्दाची लांबी प्रिंट केली. एकीची 11 आली, दुसरीची 12.

झालं असं होतं की एकाने ऱ्य टाइप करताना ऱ हे वेगळं अक्षर वापरलं होतं, युनिकोडमध्ये 0931, आणि दुसऱ्याच्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकलं होतं. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळी नावं. मी आधी एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर एकसारखं करायची युनिकोडची पद्धत, लावून बघितलं, त्याने हे दोन एक होत नाहीत, जोडचिन्ह तसंच राहतं. शेवटी र, हलन्त, जोडचिन्ह दिसलं की तिथे ऱ आणि हलन्त ठेवायचं असा बदल हाताने लिहिला, फाइल आत येतानाच. शेतकऱ्यांची, कामगार अधिकाऱ्यांची, दुसऱ्या हप्त्याची, आपल्या याद्यांच्या नावात हा ऱ्य किती ठिकाणी येतो बघा. मराठी फाइलनावांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचंही असंच, लिनक्स ती दोन वेगळी नावं मानतो, विंडोज आणि मॅक नेहमीच्या सेटिंगमध्ये एकच. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या सोर्समध्येच अशा काही जोड्या आहेत जिथे नावात फरक फक्त कॅपिटल अक्षरांचा आहे, मॅकवर त्याची प्रत उतरवली (क्लोन केलं) की काहीही न बदलता कोडमधले बदल टिपणारा गिट त्या फाइली बदलल्यात म्हणून दाखवतो. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज आणि सर्व्हर लिनक्सचा असेल तर नावं सगळी स्मॉलमध्येच ठेवा.

तुमचं काम मात्र दोन मिनिटांचं आहे. नवीन नाव देण्याआधी ते आधीच कोणाचं आहे का हे बघायला इम्पोर्टलिब डॉट युटिलमधलं फाइंड स्पेक वापरा, त्याला मॉड्यूलचं नाव द्या, नन आलं तर नाव मोकळं आहे, नाहीतर ओरिजिन प्रिंट करा, फाइल न चालवता तो नुसता पाथ सांगतो. आत्ताच त्याच फोल्डरमधून रँडमसाठी करून बघा, तुमच्या फोल्डरचा पाथ येईल. मग गेमचं नाव बदला आणि परत चालवा, आता पायथनच्या लिब फोल्डरचा पाथ आला पाहिजे. तो आला की मार्कशीट न बदलता तशीच रन करा, चालेल.