विचारा तर खरं : अठ्ठावीसशेचा डॉक्टर डूम

प्रश्न : काका, मी अमळनेरचा, नोकरीला रोज जळगावात येतो. मुलाच्या नादानं मलाही कॉमिक्समधल्या खलनायकांच्या फिगर, म्हणजे प्लास्टिकचे छोटे पुतळे, जमवायचं वेड लागलंय. जळगावात एक जण डॉक्टर डूमची सहा इंची फिगर २,८०० रुपयांना देतोय. पेटी उघडलेली आहे. ‘ओरिजनल शे भो, डोया मिटीसन ल्या’ असं म्हणतो. माल चांगला आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

उत्तर : भाऊ, डोळे मिटून घेऊ नका. आधी त्या डूमचेच डोळे बघा. मोबाइलची बॅटरी समोरून नाही, कानाच्या बाजूनं मारा. या माणसाचं सगळं खलनायकपण त्या लोखंडी मुखवट्यात आहे. १९६२ साली ‘फॅन्टास्टिक फोर’ या कॉमिकच्या पाचव्या अंकात तो पहिल्यांदा आला तेव्हापासून मुखवटा, चिलखत आणि वर हिरवा अंगरखा हाच त्याचा थाट. तेव्हा मुखवट्यावरचे रिव्हेट बोटाला उठून लागले पाहिजेत, नुसते रंगवलेले नकोत. डोळ्यांच्या खाचांतला रंग खाचेतच थांबलेला हवा. एक बुबुळ वर, एक खाली असेल, तर तो जगावर राज्य करायला निघालेला वाटत नाही, लग्नात आहेर विसरून आलेला पाहुणा वाटतो.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. जळगाव एमआयडीसीत मी बावीस वर्षं मोल्डिंग मशीनवर काढली. चटया, पाइपाचे जोड, बादल्यांचे कान, सगळं हातून गेलं. त्यामुळे फिगर हातात आली की माझं बोट आपोआप शिवणीवर जातं. साच्याचे दोन भाग जिथे मिटतात तिथे बारीक रेघ राहते, ती राहणारच. पण तिथे पापुद्रा सुटलेला असेल, नखाला अडकत असेल, तर साचा झिजलेला किंवा घाईत चालवलेला. मांडीवर, पाठीवर खळगा पडलेला दिसला, तर माल आत थंड व्हायच्या आधीच बाहेर काढलाय. आणि वास घ्या. दुकानात लाज वाटली तरी घ्या. रॉकेलसारखा उग्र वास आला, तर प्लास्टिकचा दाणा (कच्चा माल) कसला वापरलाय याची मला तरी शंका येते.

चिलखताच्या करड्या प्लास्टिकमध्ये पाण्यावर तेल पसरावं तशा लाटा दिसल्या, तर मात्र घाबरू नका. चमकीचा दाणा साच्यात वाहताना अशा लाटा उमटतात. अस्सल मालातही उमटतात. याच एका कारणावरून चांगली फिगर परत करणारे लोक मी पाहिलेत.

नकली माल बहुतेक वेळा अस्सल फिगरवरूनच साचा काढून करतात. प्लास्टिक निवताना आकसतं. म्हणजे साच्याचा साचा काढला की सहा इंचात दीड-दोन मिलिमीटर कमी भरतात आणि कोपरे बोथट होतात. तुमच्याकडे त्याच मापाची खात्रीची फिगर असेल, तर पाठीला पाठ लावून बघा. मांडीच्या मागे किंवा तळपायावर हक्कधारकाचं नाव आणि साल कोरलेलं असतं. ती अक्षरं वाचता आली पाहिजेत. ते साल बऱ्याचदा साच्याचं किंवा हक्काचं असतं. ‘जुनी आहे, म्हणून महाग’ हे त्या आकड्यावरून पटवून घेऊ नका. पेटीवरच्या आयएसआयच्या शिक्क्याचंही तसंच. १ जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा झाला, पण तो सुरक्षिततेबद्दल बोलतो. डूम खरा की खोटा, यावर तो गप्प असतो.

सांधे शेवटी तपासा, पण जबरदस्तीनं नाही. इथे माझी फजिती ऐका. पहिली फिगर आली त्या संध्याकाळी कोपर हलेना, म्हणून मी जोर केला. ‘कट्’ असा आवाज झाला. हात माझ्या मुठीत, खुंटी खांद्यात. रंगानं सांधा चिकटलेला असतो, तो आधी सैल करायला हवा होता. गरम पाण्यात अर्धा मिनिट धरला असता, तर वाचला असता. दुकानात गरम पाणी कुठलं, म्हणून तिथे अगदी हलकेच फिरवून बघा. गुडघा वाकवला की तिथेच थांबतो का, की आपोआप परत येतो? मग काचेवर उभा करा. डूमला पाठीवर झगा असतो. तो प्लास्टिकचा असेल तर जड असतो, आणि घोटे ढिले असले की साहेब दहा मिनिटांत मागे कलंडतात. दुकानदाराला सांगा, चहा मागवा, तोवर याला उभा राहू द्या. चहा संपेपर्यंत पडला, तर २,८०० सोडा, मी त्याचे हजारही देणार नाही. घोटा ढिला पडला की पुन्हा सहज पहिल्यासारखा होत नाही.

उभा राहिला, तर पेटीमागच्या फोटोत जे जे दिसतंय, पिस्तूल, जादा पंजे, ते मोजून घ्या. एखादी वस्तू कमी असेल तर तेवढे पैसे कापा. पेटी उघडलेली आहेच, तिच्यासाठी जादा देऊ नका.

आणि घरी आणल्यावर पत्र्याखाली ठेवू नका. माझा डूम मी एका मे महिन्यात खिडकीशी ठेवला होता. आठवड्यात घोट्यातून वाकला आणि पोस्टमनला नमस्कार करत उभा होता. गरम पाण्यात मऊ करून, सरळ धरून, लगेच माठातल्या गार पाण्यात बुडवला, तेव्हा कुठे ताठ झाला. गावाकडे धाब्याचं घर असेल, तर फिगरसाठी त्याच्यासारखी जागा नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या रबरी खलनायकाला हात लावला की चिकट लागतं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवला होता. फेकून देऊ का? (वाचक, रावेर)

उत्तर : फेकू नका. मऊ पीव्हीसीत तेलासारखं एक द्रव्य घातलेलं असतं, उन्हाळ्यात ते बाहेर झिरपतं. पिशवीत त्याला जायला जागा नाही, म्हणून ते तिथेच साचतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, मऊ ब्रशनं धुवा आणि सावलीत वाळवा. रंगावर घासू नका. नंतर पिशवीत न घालता मोकळ्या फळीवर ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा चिकटेल, तेव्हा पुन्हा धुवा.