लॉक-इनच्या पडद्यावरचा आकडा नेमका कोणाचा?

कला-संवेदी मापनाविषयी, म्हणजे प्रयोगशाळेत आपण ज्याला सर्रास 'लॉक-इन' म्हणतो त्या तंत्राविषयी, येणारे बहुतेक प्रश्न एकाच गैरसमजातून निघतात. लॉक-इन नॉइज काढून टाकतो, तेव्हा उरतो तो आपल्या नमुन्याचा सिग्नलच, अशी समजूत झालेली असते. या तंत्रात चॉपरच्या फिरत्या पात्याने प्रकाश ठरावीक वारंवारतेने अडवत-सोडत राहतात आणि त्याच वारंवारतेची लहर 'रेफरन्स' म्हणून उपकरणाला देतात. प्रत्यक्षात या रेफरन्सच्या वारंवारतेला आणि फेजला (लहरीच्या चक्रातील स्थितीला) जुळणारे जे काही इनपुटपाशी येईल, ते लॉक-इन मोजतो. ते कोठून आले, हे त्याला कळत नाही.

प्रश्न : चॉपर १०० हर्ट्झवर चालवला तर चालेल का?

नाही. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे आणि ट्यूबलाइट १०० हर्ट्झने लुकलुकते. ५० च्या पटींपासून दूरची, उदाहरणार्थ ३१७ हर्ट्झ, वारंवारता निवडा. मात्र डिटेक्टर तेवढा वेगवान आहे का, हे आधी त्याच्या माहितीपत्रकात पाहा.

प्रश्न : ऑसिलोस्कोपवर फोटोडायोडची चौकोनी लहर तळापासून शिखरापर्यंत १० मिलिव्होल्ट दिसते, पण लॉक-इन ४.५ मिलिव्होल्टच दाखवतो. उपकरण दुरुस्तीला पाठवावे का?

पाठवू नका. साइन रेफरन्स वापरणारा लॉक-इन चौकोनी लहरीतला फक्त मूळ वारंवारतेचा घटक मोजतो आणि तो आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) मूल्यात दाखवतो. चौकोनी लहरीसाठी हे प्रमाण ०.४५ आहे.

प्रश्न : क्षीण फोटोकरंट (प्रकाशामुळे वाहणारा प्रवाह) मोजतो. नमुना काढून टाकला तरी काही पिकोॲम्पिअरचे स्थिर रीडिंग येते. टाइम कॉन्स्टंट (लॉक-इन किती काळाची सरासरी घेतो ते ठरवणारी सेटिंग) वाढवला की ते जाईल, असे सहकारी सांगतात. हे बरोबर आहे का?

अजिबात बरोबर नाही, आणि या सल्ल्यामुळे वाया गेलेली मापने मी इतकी पाहिली आहेत की येथे सविस्तर लिहिणे भाग आहे. टाइम कॉन्स्टंट वाढवल्याने यादृच्छिक नॉइज कमी होतो, कारण त्याची फेज सतत बदलत असते आणि सरासरीत तो विरतो. आपल्याला दिसते आहे ते रीडिंग स्थिर आहे, म्हणजे ते रेफरन्सशी बांधलेले आहे. रात्रभर सरासरी घेतली तरी ते अधिकच नीटनेटके दिसेल, जाणार नाही.

ते येते कोठून? चॉपरच्या कंट्रोलरमधून निघणारी रेफरन्सची लहर बहुधा शून्य ते ५ व्होल्टची चौकोनी असते. ती केबल आणि डिटेक्टरची तार यांच्यात केवळ १ पिकोफॅरड धारिता राहिली, तरी १ किलोहर्ट्झला सुमारे २० नॅनोॲम्पिअर शिखरमूल्याचा प्रवाह इनपुटमध्ये घुसू शकतो, आणि आपण तर पिकोॲम्पिअर मोजत आहात. शिवाय चॉपरची मोटर आहे, दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार होणारे वेटोळे आहे, पात्यावरून परतणारा प्रकाश आहे. इन्फ्रारेडमध्ये पाते स्वतःच खोलीच्या तापमानाला उत्सर्जन करते, त्यामुळे तेथे मोजला जातो तो स्रोत आणि पाते यांच्यातील फरक. फोटोरिफ्लेक्टन्स (पंप लेसरमुळे नमुन्याच्या परावर्तनात होणाऱ्या बदलाचे मापन) करणाऱ्यांचा त्रास वेगळा आहे: पंप लेसर चॉप केलेला असतो, म्हणून त्याचा विखुरलेला प्रकाश आणि नमुन्याची दीप्ती या दोन्ही गोष्टी त्याच वारंवारतेने डिटेक्टरवर पोहोचतात.

म्हणून प्रत्येक मालिकेआधी आणि नंतर, चॉपर चालूच ठेवून, काळ्या पत्र्याने प्रकाश अडवा. प्रथम नमुन्याच्या आधी अडवा, मग डिटेक्टरच्या अगदी तोंडाशी. तोंडाशी अडवूनही जे उरते ते विद्युत आहे, आणि दोन्ही रीडिंगमध्ये जो फरक पडतो तो भटका प्रकाश. प्रत्येक वेळी एक्स (रेफरन्सशी समफेज घटक) आणि वाय (९० अंशांनी सरकलेला घटक) दोन्ही नोंदवा आणि वजाबाकी त्यांचीच करा. आरची, म्हणजे एक्स-वाय मिळून होणाऱ्या सदिशाच्या लांबीची, वजाबाकी करणे चूक आहे, कारण दोन सदिशांच्या लांबींचा फरक म्हणजे त्यांच्या फरकाची लांबी नव्हे. विद्युत भाग मोठा निघाला तर केबल दूर करा, शील्ड तपासा, परंतु अर्थिंगची तार स्वतःच्या मनाने काढू नका. त्यासाठी विभागातील इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकाराला बोलवा.

प्रश्न : आर घेतला की फेजची चिंता करावी लागत नाही, असे ऐकले आहे.

ऐकीव गोष्ट अर्धीच खरी आहे. आर कधीही ऋण होत नाही, त्यामुळे सिग्नल शून्य असतानाही नॉइजमुळे आरचे सरासरी मूल्य एक्समधील नॉइजच्या सुमारे १.२५ पट येते. क्षीण वर्णरेषेच्या दोन्ही बाजूंना हा खोटा तळ दिसतो. जेथे रेषा धन आणि ऋण दोन्हीकडे जाते त्या डेरिव्हेटिव्ह स्पेक्ट्रममध्ये तर चिन्हच नाहीसे होते. भक्कम सिग्नलवर फेज जुळवा, मग एक्स वापरा.

प्रश्न : स्कॅन जलद करायचा असेल तर दर बिंदूला किमान किती थांबावे?

लॉक-इनमधील प्रति-अष्टक २४ डेसिबल उताराच्या फिल्टरला अंतिम मूल्याच्या ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचण्यास टाइम कॉन्स्टंटच्या सुमारे दहापट वेळ लागतो. म्हणजे ३०० मिलिसेकंदांसाठी दर बिंदूला ३ सेकंद, आणि ५०० बिंदूंना २५ मिनिटे. घाई केल्यास रेषा बुटकी होऊन स्कॅनच्या दिशेने सरकते. दोन्ही दिशांनी स्कॅन करा. शिखर जागा बदलत असेल तर वेग जास्त आहे.

प्रश्न : विक्रेता १०० डेसिबल डायनॅमिक रिझर्व्हचे उपकरण दुपटीने महाग देतो. घ्यावे का?

या आकड्याचा अर्थ एवढाच, की पूर्ण स्केल १ मायक्रोव्होल्ट असताना ०.१ व्होल्टपर्यंतचा अडथळा आला तरी इनपुट ओव्हरलोड होणार नाही. तेवढ्या अडथळ्यात मापन अचूक येईल, असे त्यातून सिद्ध होत नाही. अडथळा मुळातच मोठा नसेल तर हे पैसे चांगल्या प्रीॲम्प्लिफायरवर घाला. आणि आपल्याच नमुन्यावर, प्रकाश अडवलेल्या रीडिंगसह प्रात्यक्षिक दाखवल्याशिवाय ऑर्डरवर सही करू नका. तांत्रिक समितीत हे उपकरण वापरलेली एक व्यक्ती तरी असावी.

प्रश्न : प्रबंध दोन महिन्यांत द्यायचा आहे. प्रकाश अडवून रीडिंग घेतलेली नाहीत. परीक्षकांनी विचारल्यास घेऊ का?

आजच घ्या. केबल, चॉपर आणि डिटेक्टर त्याच जागी आहेत तोवरच त्या रीडिंगला अर्थ आहे. मांडणी एकदा हलवली की जुन्या आकड्यांतून काय वजा करायचे, हे कोणीही सांगू शकणार नाही. आधी मार्गदर्शकांना कळवा, आणि मांडणी आधीच मोडली असेल तर कोणते नमुने पुन्हा मोजायचे, हे त्यांच्यासोबत बसून याच आठवड्यात ठरवा.